‘संरचना’ या संज्ञेचे बीजगणितीय मूळ आणि श्रीराम अभ्यंकरांचा आक्षेप

१. प्रास्ताविक

तौलनिक साहित्याभ्यासात ‘संरचना’, ‘रूपांतरण’, ‘समरूपता’ या संज्ञा इतक्या रुळल्या आहेत की त्यांचे मूळ कुठे आहे याची चौकशी सहसा होत नाही. भाषाविज्ञानातून त्या आल्या, असे सांगितले जाते आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. परंतु दुसरा एक स्रोत त्याहून थेट आहे. क्लोद लेव्ही-स्ट्रॉस यांचा आप्तसंबंधांच्या मूलभूत संरचनांवरील ग्रंथ १९४९ साली प्रसिद्ध झाला. ऑस्ट्रेलियातील मुर्नगिन लोकांच्या विवाहनियमांचे बीजगणितीय विवेचन करणारे परिशिष्ट त्यात आहे. ते लिहिले आंद्रे वेल या गणितज्ञाने. १९३० ते १९३२ या काळात अलीगढच्या विद्यापीठात अध्यापन केलेले वेल हे ‘बूर्बाकी’ या सामूहिक टोपणनावाने लिहिणाऱ्या फ्रेंच गणितज्ञांच्या मंडळाचे एक संस्थापक होत. पुढे १९६८ साली झां पियाजे यांनी संरचनावादावर लिहिलेल्या छोटेखानी पुस्तकात संरचनेचे आद्य उदाहरण म्हणून ‘गट’ ही बीजगणितीय कल्पनाच पुढे ठेवली.

तेव्हा साहित्याभ्यासकाने वापरलेली ‘संरचना’ ही अमूर्त बीजगणिताकडून घेतलेली उसनवारी आहे. मात्र ज्या बीजगणिताकडून ती घेतली, त्याच्या अंतरंगात त्या वेळी एक वाद चालू होता. अमूर्तीकरण करताना जे मागे टाकले जाते त्याचे काय करायचे, हा त्या वादाचा विषय. वेल त्या वादाच्या एका टोकाला होते. दुसरे टोक पुढे ज्यांनी आग्रहाने धरले त्यांत श्रीराम शंकर अभ्यंकर (१९३०–२०१२) या मराठी गणितज्ञाचे नाव अग्रभागी येते. अमूर्त बीजगणित म्हणजे काय, त्याच्या शाखा कोणत्या आणि हा वाद तौलनिक अभ्यासकाला का लागू पडतो, एवढे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. अव्यक्ताकडून अमूर्ताकडे

भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’चा (इ.स. ११५०) एक भाग ‘बीजगणित’ या नावाचा आहे. भारतीय परंपरेत या शास्त्राला ‘अव्यक्तगणित’ असेही म्हणत. ज्या राशीचे मूल्य अजून कळलेले नाही ती अव्यक्त. पहिल्या अव्यक्त राशीला ‘यावत्तावत्’ म्हणजे ‘जितके असेल तितके’ असे नाव दिले जाई; पुढच्या राशींना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे मिळत आणि लेखनात त्यांची आद्याक्षरे वापरली जात. समीकरण सुटले की अव्यक्त राशी व्यक्त होई. म्हणजे येथे अक्षर हे एका विशिष्ट, पण तूर्त झाकलेल्या संख्येचे नाव आहे.

अमूर्त बीजगणितात ही स्थिती पालटते. तेथे अक्षर कोणत्याही झाकलेल्या संख्येचे नाव नसते. घटक काय आहेत हे विचारायचे नाही, त्यांच्यावरील क्रिया कोणते नियम पाळतात एवढेच पाहायचे, अशी ही भूमिका आहे. तिचा उगमही समीकरणांतच झाला. द्विघात समीकरणाची रीत प्राचीन. त्रिघात आणि चतुर्घात समीकरणांच्या रीती कार्दानो यांच्या १५४५ च्या ग्रंथात प्रसिद्ध झाल्या. पंचघात समीकरणाला मात्र तशी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही, हे नॉर्वेच्या आबेल यांनी १८२४ साली दाखवले. ती का असू शकत नाही आणि कोणत्या समीकरणांना असते, याचे उत्तर एवारिस्त गाल्वा या तरुणाने १८३० ते १८३२ या काळातील लेखनात दिले. समीकरणाच्या मुळांची आपापसांत कोणती अदलाबदल केली असता त्यांच्यातील परस्परसंबंध अबाधित राहतात हे त्याने पाहिले. अशा अदलाबदलींच्या समुच्चयाला त्याने ‘गट’ म्हटले. समीकरण सुटेल की नाही हे मुळांच्या मूल्यांवर नव्हे, तर या गटाच्या घडणीवर ठरते.

गटाची कल्पना आठवड्याच्या वारांवरून समजते. रविवारला शून्य, सोमवारला एक, याप्रमाणे शनिवारला सहा मानले, तर शनिवारनंतर पाच दिवसांनी गुरुवार येतो. म्हणजे सहा अधिक पाच बरोबर चार. या बेरजेत सातांबाहेर कधी जावे लागत नाही, शून्य मिळवल्याने काही बदलत नाही, प्रत्येक वाराला त्याची बेरीज शून्य करणारा जोडीदार आहे आणि बेरजेतील कंस हलवल्याने उत्तर बदलत नाही. हे चार गुण ज्या समुच्चयात आढळतात तो गट. मग त्यात वार असोत, चौरसाची परिभ्रमणे असोत, नाहीतर मुर्नगिन समाजातील विवाहप्रकारांची पिढीगणिक होणारी फेररचना असो.

३. प्रमुख शाखा

गटात एकच क्रिया असते. बेरीज आणि गुणाकार अशा दोन क्रिया एकत्र नांदू लागल्या की ‘वलय’ मिळते. आणि वलयात शून्येतर प्रत्येक घटकाने भागता आले, गुणाकारात क्रमही मोकळा असला, की ‘क्षेत्र’. वारांच्या गणितात तीन गुणिले पाच म्हणजे पंधरा, म्हणजेच एक; तेव्हा तीनने भागणे म्हणजे पाचने गुणणे. सात ही मूळ संख्या असल्यामुळे हे सर्व वारांसाठी साधते आणि सात वार हे क्षेत्र ठरते. घड्याळाच्या बारा तासांचे तसे नाही. तेथे तीन गुणिले चार म्हणजे शून्य. तीनने भागण्याची सोय नाही. बारा तास हे वलय आहे, क्षेत्र नव्हे.

या तीन कल्पनांपासून शाखा फुटतात. गटसिद्धान्त सममितीचा अभ्यास करतो. गाल्वा सिद्धान्त क्षेत्र आणि गट यांची सांगड घालतो. क्रमनिरपेक्ष वलयांचा सिद्धान्त पूर्णांक आणि बहुपदी यांना एका सूत्रात आणतो. अमूर्त गटाला ठोस रूपांतरणांच्या रूपाने कसे पाहता येईल हे प्रतिनिधान सिद्धान्त सांगतो. बैजिक भूमिती समीकरणांनी बनलेल्या वक्रांचा आणि पृष्ठांचा विचार वलयांच्या भाषेत करते. समजातीय बीजगणित हे संरचनांच्या साखळ्यांतील तुटी मोजते. कार्तां आणि आयलेनबर्ग यांच्या १९५६ च्या ग्रंथाने त्याला शास्त्राचे रूप दिले. आयलेनबर्ग आणि मॅक लेन यांनी १९४५ साली मांडलेला कॅटेगरी सिद्धान्त आणखी एक पायरी वर जातो. तेथे घटक जवळपास दिसेनासे होतात, उरतात ती एका संरचनेतून दुसरीकडे जाणारी संक्रमणे.

या साऱ्याला एकसंध स्वरूप आले ते जर्मनीत. हिल्बर्ट यांनी १८९० साली बहुपदींच्या संचांना सान्त आधार असतोच असे सिद्ध केले, पण तो आधार प्रत्यक्ष काढून दाखवण्याची रीत त्या सिद्धतेत नव्हती. एमी नोएथर यांच्या १९२१ च्या निबंधाने वलयांच्या सिद्धान्ताला अमूर्त पाया दिला आणि व्हान डर वेर्डन यांच्या १९३०–३१ च्या द्विखंडी पाठ्यपुस्तकाने ‘आधुनिक बीजगणित’ हे नाव जगभर रूढ केले.

४. नावांचा प्रश्न

येथे भाषांतराच्या अभ्यासकाला एक गोष्ट जाणवेल. डेडेकिंट यांनी १८७१ साली ज्याला जर्मनमध्ये ‘शरीर’ या अर्थाचा शब्द योजला, त्याला फ्रेंचमध्येही शरीरच म्हणतात. इंग्रजीत मात्र १८९३ साली मूर यांनी ‘शेत, मैदान’ या अर्थाचे ‘फील्ड’ रूढ केले. मराठीतील ‘क्षेत्र’ त्या इंग्रजी शब्दावरून आले आहे. सर्व अवयव परस्परांशी जुळलेले असे सजीव पूर्णत्व ‘शरीर’ या शब्दात सूचित होते, तर ‘क्षेत्र’ म्हणताच मराठी वाचकाच्या मनात शेताचा, तीर्थस्थळाचा आणि ‘क्षेत्रफळ’ या शब्दाचा अर्थ एकदम जागा होतो. गणिताला याचा काहीच उपसर्ग पोचत नाही, कारण व्याख्या नियमांनी बांधलेली आहे. नाव बदलले तरी प्रमेय बदलत नाही. अमूर्त बीजगणिताचे सामर्थ्य नेमके यातच आहे. आणि साहित्याभ्यासकाने सावध व्हावे अशी जागाही हीच, कारण साहित्यकृतीबाबत असे म्हणता येत नाही.

५. संक्रमण आणि हरवलेल्या भेदांचा हिशेब

दोन संरचनांची तुलना करायची तर एकीतून दुसरीकडे नेणारी, क्रिया अबाधित राखणारी संगती हवी. आधी क्रिया करून मग संक्रमण केले किंवा आधी संक्रमण करून मग क्रिया केली, तरी फळ एकच आले, म्हणजे संगती रचनारक्षक झाली. अशा संगतीचे एक उदाहरण बंगळूरच्या उत्तरेकडील हेब्बाळ या स्थलनामात आढळते. तेथे २०१८ साली उजेडात आलेल्या, गंग राजवटीतील आठव्या शतकाच्या कन्नड शिलालेखात या प्रदेशाचे नाव ‘पेर्बोळल’ अशा प-काराने आरंभ होणाऱ्या रूपात येते. कन्नडमध्ये पुढे शब्दारंभीच्या ‘प’चा ‘ह’ झाला. जुन्या कन्नडमधील ‘पाल्’ म्हणजे दूध, ते ‘हालु’ झाले. ‘पुलि’ म्हणजे वाघ, तो ‘हुलि’ झाला. ‘पू’ म्हणजे फूल, ते ‘हू’ झाले. मोठेपणा दाखवणाऱ्या ‘पेर्’चे ‘हेर्’ किंवा ‘हेब्’ होणे हे त्याच मालिकेतले. प्रत्यक्ष भाषेत या नियमाला अटी आणि अपवाद आहेत. पण प्रत्येक ‘प’च्या जागी ‘ह’ असा सरसकट नियम कल्पिला, तर तो अक्षरमालांच्या जोडणीला बाध आणीत नाही. दोन शब्द जोडून मग बदल करा किंवा आधी बदल करून मग जोडा, परिणाम एकच.

परंतु या संक्रमणात काहीतरी हरवते. संस्कृतातून आलेल्या शब्दांतला मूळचा ‘ह’ आणि ‘प’पासून झालेला ‘ह’ आता सारखेच दिसतात. केवळ नव्या रूपावरून जुने सांगता येत नाही. त्यासाठी शिलालेख लागतो. बीजगणितात असे हरवलेले भेद मोजण्याची काटेकोर सोय आहे. गटांच्या संगतीत ज्या घटकांची प्रतिमा शून्य होते त्या सर्वांच्या समुच्चयाला ‘कर्नल’ म्हणतात. पूर्णांकांकडून वारांकडे जाताना सात, चौदा, एकवीस अशा साताच्या सर्व पटींचे शून्य होते. ती या संक्रमणाची कर्नल. मूळ संरचनेला कर्नलने भागले की प्रतिमेशी समरूप अशी संरचना मिळते, हे या विषयातील पायाभूत प्रमेय आहे. म्हणजे प्रतिमेविषयीचे कोणतेही विधान कर्नल सांगितल्यावाचून पुरे होत नाही.

संरचनावादी समीक्षेने बीजगणिताकडून समरूपता घेतली. कर्नल मात्र घेतली नाही. दोन कथांची संरचना एकच आहे असे म्हणताना दोहोंतील कोणते भेद शून्य मानले, याची यादी क्वचितच दिली जाते. लेव्ही-स्ट्रॉस यांच्या पुढील काळातील मिथकविश्लेषणावर घेतला गेलेला आक्षेप बराचसा याच स्वरूपाचा आहे.

६. अभ्यंकरांची भूमिका

अभ्यंकरांचा जन्म उज्जैनचा. वडील शंकर केशव अभ्यंकर ग्वाल्हेरला गणिताचे प्राध्यापक होते आणि भास्कराचार्यांचे ग्रंथ घरातल्या शिक्षणाचा भाग होते. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून १९५१ साली पदवी घेऊन ते हार्वर्डला गेले आणि ऑस्कर झरिस्की यांच्या मार्गदर्शनाखाली १९५५ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. १९६३ पासून अखेरपर्यंत ते अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात होते. १९७६ साली त्यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठानाची स्थापना केली.

त्यांचा मुख्य विषय बैजिक भूमितीतील सिंग्युलर बिंदूंचे निराकरण हा होता. वक्र जेथे गुळगुळीत राहत नाही, टोक काढतो किंवा स्वतःलाच छेदतो, तो सिंग्युलर बिंदू. ‘त’ ही राशी बदलत असता क्ष म्हणजे त चा वर्ग आणि य म्हणजे त चा घन असे मानू. ‘त’चे निरसन केले की क्ष चा घन आणि य चा वर्ग समान, असे समीकरण मिळते. या वक्राला शून्यबिंदूपाशी टोक आहे. आता य च्या जागी ‘क्ष गुणिले त’ ठेवले आणि दोन्ही बाजूंना क्ष च्या वर्गाने भागले, तर उरते ते त चा वर्ग बरोबर क्ष, म्हणजे साधा गुळगुळीत परवलय. टोक नाहीसे झाले. शालेय बीजगणितातील या एका आदेशात निराकरणाचे बीज आहे. अधिक मितींत तेच अतिशय अवघड होते.

अडचण सर्वांत तीव्र होते ती वारांच्या गणितासारख्या क्षेत्रांवर, जेथे एखाद्या मूळ संख्येची प्रत्येक पट शून्य होते. द्विघात समीकरण सोडवण्याची जी रीत भास्कराचार्य श्रीधराच्या नावे सांगतात, तीत दोन्ही बाजूंना वर्गसहगुणकाच्या चौपटीने गुणून वर्ग पूर्ण करायचा असतो. जेथे दोन म्हणजेच शून्य, तेथे चौपटही शून्य; दोन्ही बाजू पुसल्या जातात आणि रीत निकामी होते. हिरोनाका यांनी १९६४ साली ज्या क्षेत्रांवर ही अडचण उद्भवत नाही त्यांसाठी सर्व मितींतील निराकरण सिद्ध केले व १९७० साली त्यांना फील्ड्स पदक मिळाले. उलट बाजूच्या, म्हणजे मूळ संख्या शून्य होणाऱ्या क्षेत्रांवर पृष्ठांचे निराकरण अभ्यंकरांनी १९५६ साली केले आणि १९६६ च्या ग्रंथात पाचाहून मोठ्या मूळ संख्यांसाठी तीन मितींपर्यंत मजल मारली. अशा क्षेत्रांवर चार आणि त्यापुढील मितींतील सर्वसाधारण प्रश्न आजही सुटलेला नाही.

या कामातून त्यांची भूमिका घडली. वेल यांनी १९४६ च्या आपल्या ग्रंथात निरसन सिद्धान्त बैजिक भूमितीतून एकदाचा हद्दपार व्हावा, अशा आशयाची अपेक्षा व्यक्त केली होती. निरसन म्हणजे प्रत्यक्ष आकडेमोड करून अव्यक्त राशी काढून टाकणे. अमूर्त पद्धतीत त्याची गरज उरत नाही, असा तो दृष्टिकोन. अभ्यंकरांनी निरसनाची बाजू घेतली. एका इंग्रजी पद्यातून त्यांनी वेल यांच्या विधानाला खेळकर, पण सडेतोड उत्तरही दिले. १९७६ च्या एका ऐतिहासिक निबंधात, ज्यासाठी त्यांना १९७८ साली शॉव्हने पारितोषिक मिळाले, त्यांनी बीजगणिताचे शालेय, महाविद्यालयीन आणि विद्यापीठीय असे तीन स्तर कल्पिले. बहुपदी आणि घातश्रेणी यांची हाताळणी हा पहिला. वलय, क्षेत्र हा दुसरा. समजातीय बीजगणितासारखी यंत्रणा हा तिसरा. पहिल्या स्तराची ताकद कमी लेखली जाते, हे त्यांचे म्हणणे होते. अमूर्त सिद्धता उत्तर आहे एवढे सांगते. आकडेमोड ते हातात देते.

पुढील घडामोडींनी त्यांना पाठबळ दिले. बुखबर्गर यांनी १९६५ साली बहुपदींच्या संचांचा आधार प्रत्यक्ष काढण्याची रीत दिली आणि संगणकाच्या युगात निरसन पुन्हा अवतरले. पर्ड्यू येथे अभ्यंकर स्वतः औद्योगिक अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्र या विभागांशीही जोडले गेले.

तथापि विजय एकाच बाजूचा झाला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मूळ संख्या शून्य होणाऱ्या क्षेत्रांवरील रेषेच्या आवरणांतून कोणते गट संभवतात याविषयी अभ्यंकरांनी १९५७ साली एक अटकळ मांडली होती. ती १९९४ साली सिद्ध झाली. रेषेपुरती रेनो यांनी आणि सर्वसाधारण रूपात हार्बेटर यांनी ती सिद्ध केली, आणि दोघांची साधने तिसऱ्या स्तरावरची होती. ज्या यंत्रणेविषयी अभ्यंकर साशंक होते, तिनेच त्यांचे भाकीत खरे ठरवले. त्यानंतरही त्या त्या गटासाठी हाताने लिहिता येतील अशी स्वच्छ समीकरणे शोधण्याचे काम त्यांनी सोडले नाही. गट अस्तित्वात येतो एवढे कळणे त्यांना पुरेसे वाटत नव्हते. त्याचे समीकरण त्यांना समोर हवे होते.

७. समारोप

चाळीसगावजवळील पाटणे येथील शिलालेख शके ११२८ (इ.स. १२०६–०७) या काळातील आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापन केला आणि निकुंभ घराण्यातील राजांनी त्याला दान दिले, अशी त्यात नोंद आहे. लेखाचा मोठा भाग संस्कृत पद्यात आहे. दानाचा तपशील देणारा शेवटचा भाग मराठीत आहे. मराठी भाषेच्या इतिहासात या लेखाचे महत्त्व मान्य झालेले आहे. बीजगणिताच्या इतिहासाशी त्याचा असलेला संबंध मात्र साहित्याभ्यासकांनी फारसा विचारात घेतलेला दिसत नाही. वंश, विद्या आणि ग्रंथ यांचे गौरवपर वर्णन एका भाषेत आहे. कोणी काय, किती आणि कशातून द्यायचे, हा हिशेब लोकांना कळणाऱ्या दुसऱ्या भाषेत आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथाची मांडणीही अशीच आहे. पद्यात नियम येतो, लगोलग उदाहरण येते आणि मग गद्यात त्याची कृती. उदाहरणावाचून नियम शिकवायचा नाही, ही त्या परंपरेची शिस्त होती, आणि अभ्यंकरांचा आग्रह तिच्याशी जुळणारा आहे.

तौलनिक साहित्याभ्यासाला अमूर्तीकरण टाळता येणार नाही. दोन भाषांतील कृतींची तुलना म्हटली की काही भेद बाजूला ठेवावेच लागतात. मात्र ज्या शास्त्राकडून ही पद्धत घेतली, त्याच्या दोन अटी तिच्यासोबत घ्यायला हव्यात. पहिली अट, संक्रमणात कोणते भेद शून्य झाले ते सांगावे. दुसरी, संरचना आहे असे सिद्ध केल्यावर ती प्रत्यक्ष कृतीच्या शब्दांत उतरवून दाखवावी. पहिली अट अमूर्त बीजगणिताच्या पायाभूत प्रमेयात आहे, तर दुसरी अभ्यंकरांच्या आक्षेपात. वेल यांचे परिशिष्ट साहित्याभ्यासापर्यंत पोचून पाऊणशे वर्षे झाली. हा आक्षेपही तेथपर्यंत पोचणे अगत्याचे आहे.